कासवाची खुंटी

बालवर्गाच्या बाईंना एका कडेवर रडकं मूल घेऊन दुसऱ्या हाताने तिसऱ्याचं नाक पुसता यायचं. पाठ फिरवून उभ्या असल्या तरी कोण कुणाला चावलं ते सांगता यायचं. फक्त सरकार म्हटलं की त्यांचे हातपाय गळायचे. त्यामुळे पलीकडच्या बालवर्गाच्या बाईंनी फोनवर नव्या धोरणाची बातमी दिली, "एका बाईमागे दहाच मुलं, गुरुवारी पाहणी आहे," तेव्हा पुढचं ऐकायला त्या थांबल्याच नाहीत.

त्यांच्याकडे अकरा होती.

एवढ्याशा पोरांना वाचता कुठलं येणार, म्हणून बाईंनी प्रत्येकाच्या खुंटीवर चित्र रंगवलं होतं आणि पोरंही एकमेकांना त्या चित्रानेच हाक मारत. घंटाने ढकललं, छत्रीने दूध सांडलं, अशा तक्रारी दिवसभर चालत. शेवटची खुंटी कासवाची. कासव म्हणजे साडेतीन वर्षांची एक मुलगी. आपले बूट आपणच घालायचे हा तिचा हट्ट होता, आणि तेवढा वेळ सगळ्या बालवर्गाने दारात तिष्ठत उभं राहायचं.

कुणाला घरी ठेवायचं? बाईंनी एकेकाची आई डोळ्यांसमोर आणली. घंटाची आई अख्खी गल्ली गोळा करील. छत्रीचे आजोबा थेट वरपर्यंत जातील. कासवाची आई मोठ्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. कधी चढ्या आवाजात बोलल्याचं आठवत नव्हतं. आवाज न चढवणाऱ्याच्याच डोक्यावर माणूस मिऱ्या वाटतो. बाईंनीही तेच केलं.

गुरुवारी सकाळी त्या फाटकातच आडव्या उभ्या राहिल्या.

"आज हिला नका ठेवू. पाहणी आहे. पुन्हा केव्हा आणायचं ते मी कळवते."

"बाई, माझी कामाची पाळी आहे हो," आई म्हणाली. मग बाईंचा चेहरा बघून मुलीचा हात धरून मागे सरली.

कासव फाटकाच्या गजांतून आत जाणाऱ्या घंटाकडे बघत होती. तिचा चेहरा पडलेला बाईंना बघवेना. "उद्या ये हं," त्या म्हणाल्या. खोटं म्हणाल्या.

पाहणीच्या मॅडम चांगल्या हसतमुख निघाल्या. पोरांत मांडी घालून बसल्या. "ही खुंटी कुणाची?"

"जास्तीची आहे," बाई म्हणाल्या.

"कासवाची आहे," घंटा म्हणाला.

"कासव कुठंय मग?"

"हळूहळू येतंय," बाईंनी हसून वेळ मारून नेली. मॅडमही हसल्या.

निघताना मॅडम म्हणाल्या, "तुमची दमछाक दिसते हो. पण दहाच मुलं, त्यामुळे माझा इलाज नाही. एक जरी वर असतं ना, तर दुसऱ्या बाई दिल्या असत्या, सरकारी पगारावर. धोरण त्यासाठीच आहे. पोरं कुठे जास्त आहेत तेच तर बघत फिरतेय मी."

बाईंच्या जिभेवर शब्द आले होते. पण खरं सांगायचं तर मघाशी खोटं बोलले हे आधी सांगावं लागणार. तेवढ्यात मॅडम फाटकाबाहेर पडल्यासुद्धा.

त्यानंतर आठवडाभर बाई त्या खुंटीकडे बघायचं टाळत राहिल्या. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. कळवते म्हणाल्या होत्या, पण कुठल्या तोंडाने कळवणार? शेवटी पोरं पलीकडच्या बाईंवर सोपवून एका सकाळी कासवाच्या घरी गेल्या.

दार मोठ्या बहिणीने उघडलं. चार वर्षांपूर्वी हीच छत्रीच्या खुंटीला दप्तर अडकवायची.

"तू शाळेत नाही गेलीस?"

"हिला कोण बघणार? आईला रजा नाही मिळत."

मागे कासव उभी होती, पायांत बूट घालून.

"रोज सकाळी घालून बसते," बहीण म्हणाली. "तुम्ही उद्या ये म्हणालात ना."

"बाई," कासवाने विचारलं, "आज उद्या आहे?"

बाई खाली वाकल्या. "आहे. चल." त्यांनी हात पुढे केला, पण बहिणीने कासवाचा दंड सोडला नाही.

"परत मॅडम आल्या की हिला परत हाकलणार?"

बाई पायरीवर बसल्या आणि फोन लावला. "मॅडम, ती खुंटी जास्तीची नव्हती. अकरा मुलं आहेत. एकीला मी घरी ठेवलं होतं." पलीकडून बराच वेळ बोलणं आलं. दुसऱ्या बाई आता लगेच मिळणार नाहीत, पुन्हा पाहणी होईल, खोटं सांगितलंत त्याचा जाब द्यावा लागेल. बाई प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणत गेल्या.

फोन ठेवला तेव्हा बहिणीने कासवाचा दंड सोडला होता आणि ती पलंगाखालून दप्तर ओढत होती. ते घेऊन दाराशी आली, पण उंबऱ्यावरच अडली.

"आठवडाभर का आली नाहीस, असं आमच्या बाई विचारतील."

"मी येते ना तुझ्याबरोबर. मी सांगते त्यांना."

मुलीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"खरं सांगाल?"