माझी पश्चिमेची भिंत

मित्रांनो, ज्या वर्षी माझे मालक ढुंढिराज यांच्या मुलाचे, शेखरचे बारसे झाले, त्या १९५४ साली मी उभे राहिले. मी नाशिकमधले विटांचे एक जुने घर आहे. देवळालीच्या रस्त्यालगतच्या जागेत मधोमध मोठी बाग आखली आणि तिच्याभोवती आमची वीस घरे बांधली. दोन घरांमध्ये भिंत नव्हती, मेंदीचे कुंपण होते. खिडक्यांवर विटांच्या कमानी होत्या. बाहेरून कोणी गिलावा करायचा नाही, असा वसाहतीचा नियमच होता. लोक सायकल थांबवून आमच्याकडे बघत.

माझ्या विटा चुन्याने जोडलेल्या आहेत. तो चुना दळणाऱ्या घाणीचा बैल बारा वर्षांची कुसा हाकत असे. पुढे तीच कुसाबाई दर तीन वर्षांनी यायची आणि विटांमधल्या फटींत नवा चुना भरायची. मी पावसात भिजत असे, उन्हात वाळत असे. माझे काही दुखत नव्हते.

ढुंढिराज गेल्यावर कुसाबाईला बोलावणे राहून गेले. वीसपैकी सतरा घरे पाडून तिथे इमारती झाल्या. शेखरने मात्र मला विकले नाही. सहा वर्षांपूर्वी माझ्या पश्चिमेच्या भिंतीला ओल दिसली, तेव्हा त्याने घाबरून बाहेरून जाड सिमेंट लावून घेतले. मायेनेच लावले. पण आतली ओल आतच कोंडली आणि विटांचे पीठ होऊ लागले. मला ओरडता येत नाही. यंदा मार्चमध्ये भिंत फुगून तिला पोट आले आणि दारावर महापालिकेचा कागद लागला: पावसाआधी दुरुस्त करा, नाहीतर घर पाडले जाईल.

शेखरने कुसाबाईला पंचवटीतून शोधून आणले. ती त्र्याऐंशी वर्षांची होती. तिने भिंतीवर हात फिरवला.

"तू ओझरला विमानाच्या कारखान्यात व्हता ना? म्हणून घरबी पत्र्यावानी बंद केलं व्हय रं?"

"मजबूत व्हावं म्हणून केलं, मावशी."

"रेनकोट घालून चुलीम्होरं बस एकदा. मंग कळंल हिला काय व्हतंय."

शेखर हसला नाही. "वाचेल का?"

"सिमिट समदं काढ. चुना मी खड्ड्यात भिजवते, त्यो मुराया लई दिस लागत्यात. पर मी सांगंल तव्हाच खड्ड्यातून काढायचा. कच्चा भरला तर उरलेली भिंतबी जाईल."

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी अंगणात खड्डा खणून तिने चुना भिजवला. एकाहत्तर वर्षांचा शेखर छिन्नी घेऊन सिमेंट फोडू लागला. रोज सकाळी रिक्षाने कुसाबाई यायची, चिमूटभर चुना बोटांत चोळायची आणि म्हणायची, "आज नाय."

"तुम्हाला कळतं कसं?"

"बोटाला कळतं. शिकवीन की तुलाबी. तयार झाला म्हंजी दावते."

एका सोमवारी ती आली नाही. त्याला आज आठ दिवस झाले. सिमेंट सगळे निघाले आहे. माझ्या पोखरलेल्या विटा उघड्या पडल्या आहेत आणि पश्चिमेला ढग जमत आहेत. शेखर खड्ड्याजवळ उकिडवा बसतो, चुना चोळतो, परत चोळतो. त्याला काही कळत नाही. भरावा तर कच्चा निघेल, थांबावे तर पाऊस येईल. काल तो माझ्या भिंतीला डोके टेकून म्हणाला, "मीच केलं हे."

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी चुना ओळखणारे माणूस असेल तर त्याला इकडे पाठवा. लवकर पाठवा. आणि जुन्या घराला काही लावायचे असेल, तर ते कशाने बांधले आहे हे आधी विचारा. सांगणारे आहेत तोवर विचारा.

कुसाबाई त्याच सोमवारी, १९ मे २०२५ रोजी सकाळी पंचवटीत आपल्या घरी वारली.