दाराकडून सातवं

बाहेरच्या खोलीतल्या एका भिंतीवरून माझं आणि यांचं पन्नास वर्षं भांडण चाललं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा ती भिंत मोकळी होती. माझ्या ट्रंकेत मी स्वतः केलेला भरतकामाचा एक तुकडा होता. पांढऱ्या कापडावर दोन हंस आणि खाली पाण्याच्या तीन निळ्या रेघा. त्याला चौकट करून तो त्या भिंतीवर लावायचा आणि बाकीची भिंत तशीच सोडायची, असं माझ्या मनात होतं. मला मोकळी भिंत आवडते. पण मी ट्रंक उघडायच्या आधीच यांनी तिथं पहिली फळी ठोकली.

"घरात कोरडी भिंत ही एकच," हे म्हणाले. "पुस्तकांना ओल चालत नाही. हंसांना चालते."

हे बुकबाइंडर. मुलगा शाळेत जायला लागला तोवर आठ फळ्या झाल्या, जमिनीपासून छतापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. हंस ट्रंकेतच राहिले, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला. पाहुणे आले तर बसवायचं कुठं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सहाव्या फळीवर जागा आहे अजून."

काम घराच्या मागच्या खोलीत चालायचं. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या, म्हणजे फर्म्यांच्या, घड्या घालायच्या आणि सुईदोऱ्यानं त्या एकमेकींना शिवायच्या, याला जुजबंदी म्हणतात. ती माझ्याकडे. पुढचं सगळं, पुठ्ठा, खळ, कापड, दाब, यांच्याकडे. त्या भिंतीवरची सहाएकशे पुस्तकं मी शिवली. वाचली किती, ते विचारू नये. शिवताना ओळी नजरेखालून जायच्या, पण लक्ष टाक्यावर असायचं.

गिऱ्हाइकाच्या पुस्तकाच्या पाठीवर हे सोनेरी अक्षरांत नाव उठवून द्यायचे. घरच्या पुस्तकांवर कधीच नाही. जुनी, फाटकी, पानं सुटलेली पुस्तकं हे कुठून कुठून गोळा करायचे आणि उरलेल्या कापडात बांधायचे. कॉलेजचं काम चालू असेल तर घरची पुस्तकं निळी, कचेरीची रजिस्टरं आली की लाल. त्या रंगाला काही अर्थ नव्हता. पाठी सगळ्या कोऱ्या.

"नाव तरी घाला," मी म्हणायची.

"स्वतःच्या पोराच्या कपाळावर कुणी नाव लिहितं का? मला माहीत आहे कोण कोण आहे ते."

आणि खरंच माहीत होतं. पुस्तक ज्या क्रमानं घरात आलं त्या क्रमानं उभं. दाराकडून मोजायचं. तिसरी फळी, दाराकडून सातवं, असं म्हणून हात घातला की तेच पुस्तक निघायचं. मुलाला विषमज्वर झाला होता त्या आठवड्यात बांधलेली दोन पुस्तकं चौथ्या फळीवर होती. ती तेवढी मलाही ठाऊक होती, कारण त्यांचे टाके वाकडे आहेत.

काचबिंदूनं यांचे डोळे गेले ते हळूहळू. आधी बारीक अक्षर गेलं, मग माणसांचे चेहरे, मग जिना. शेवटी उजेड आहे की नाही एवढंच कळायचं. चहाचा कप हातात द्यावा लागायचा, चपला पायाशी ठेवाव्या लागायच्या. फक्त दुपारी चार ते साडेपाच हे घरातले कर्ते असायचे. तेव्हा यांचे जुने स्नेही यायचे. छापखान्यात प्रुफं तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि वाचता वाचता ते मधेच थांबून सांगायचे, "इथं स्वल्पविराम हवा होता." म्हणून यांनी त्यांचं नावच स्वल्पविराम ठेवलं होतं. स्वल्पविराम खुर्चीत बसले की हे उठायचे, भिंतीशी जायचे, दाराकडून बोटांनी मोजत मोजत एक पुस्तक काढायचे, पानंसुद्धा अंदाजानं उघडायचे आणि त्यांच्या हातात द्यायचे. दिवसभर सगळं दुसऱ्याच्या हातून घेणारा माणूस त्या वेळी दुसऱ्याला काहीतरी द्यायचा. परत बसताना यांची मान ताठ असायची.

हे मी रोज पाहत होते. तरीही पुढचं केलं.

सून फर्निचरच्या मोठ्या दुकानात खोल्या मांडते. खोटी खिडकी, खरा पलंग, उशाशी दिवा, म्हणजे गिऱ्हाइकाला घर असल्यासारखं वाटतं. तिचं आणि यांचं छान जमायचं.

"तुमच्या दुकानातली पुस्तकं आतून पोकळ असतात म्हणे," हे म्हणायचे.

"नुसते खोके असतात, बाबा. पुसायला हलके."

"आणि वाचायला?"

"त्याहून हलके."

यांच्या उजव्या डोळ्याचं एक शेवटचं ऑपरेशन ठरलं. आशा थोडी आहे, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण थोडी म्हटलं तरी माणूस तिला लोंबकळतो. मुलगा यांना घेऊन गेला. चार दिवस राहायचं होतं. दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, "आई, बाबांना दिसायला लागलं तर पहिल्यांदा काय दिसेल? हीच कळकट भिंत. आपण ती नीट मांडूया का? रंगाप्रमाणे लावूया. पांढऱ्यापासून सुरू करून पिवळी, हिरवी, निळी, शेवटी लाल. मी दुकानात करते तशी. खूप छान दिसेल."

मी भिंतीकडे बघितलं. मग तीच म्हणाली, "खिडकीकडची बाजू थोडी मोकळी होईल. फाटकी पुस्तकं दिवाणात ठेवू. तिथं तुम्हाला काही लावायचं असेल तर लावा."

त्या वाक्यानं मी विरघळले. ट्रंकेतले हंस मी तिला कधीतरी दाखवले होते, ते तिनं लक्षात ठेवलं होतं. पाठी कोऱ्या आहेत, क्रम फक्त यांच्या बोटांत आहे, हे तिला ठाऊक नसेल, पण मला होतं. यांना दिसायला लागलं की काय ते बघून घेतील, अशी मी मनाची समजूत घातली. दोन दिवस आम्ही दोघी फडकी घेऊन लागलो. चौकटवाल्याकडून हंस आले. कापड किंचित पिवळं पडलं होतं, पण पाण्याच्या रेघा तशाच निळ्या. चौथ्या फळीच्या मोकळ्या टोकाशी खिळा मीच ठोकला. संध्याकाळी दिवा लावून आम्ही दोघी समोर बसलो आणि मला वाटलं, ही माझी खोली. पंचाहत्तराव्या वर्षी.

ऑपरेशनचा उपयोग झाला नाही. उलट होता तो उजेडही गेला.

हे घरी आले, दोन दिवस निजून राहिले. तिसऱ्या दिवशी चार वाजता स्वल्पविराम आले. हे उठून भिंतीशी गेले, मोजलं, पुस्तक काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. "प्रवासाचं आहे. नदी ओलांडतात तिथून वाचा."

स्वल्पविरामांनी पान पाहिलं. मी दारातून हात हलवत होते, पण आयुष्यभर चूक दिसली की तिच्यावर बोट ठेवणारा माणूस तो. "हे ते नव्हे," ते म्हणाले. "हे आरोग्यावरचं आहे. बद्धकोष्ठ आणि उपाय."

हे हसले. "म्हणजे जवळपास प्रवासाचंच." परत गेले, परत मोजलं. दुसरं काढलं. तेही ते नव्हतं. मग हातातलं पुस्तक चाचपत हे बराच वेळ उभे राहिले.

"अगं, पुस्तकं कुणी हलवली का?"

सून स्वयंपाकघराच्या दारात होती. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात मी म्हणाले, "नुसती पुसली. जिथल्या तिथं ठेवली."

का म्हणाले? नुकताच उजेड गेलेल्या माणसाला आणखी एक धक्का नको, असं मी सुनेला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण माझी नजर त्या वेळी खिडकीकडच्या चौकटीवर होती, हेही खोटं नाही.

"बरं," हे म्हणाले आणि बसले.

त्या दिवसापासून यांनी स्वतःची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. सकाळी घर रिकामं झालं असं वाटलं की भिंतीशी जायचे, एकेक पुस्तक काढून त्याची जाडी बघायचे, वास घ्यायचे, पुन्हा आत सारायचे. एकदा मला म्हणाले, "मी तुला तेच तेच सांगतो का गं, कालचंच आज?"

"नाही हो."

"सतराचा पाढा म्हणतो. चुकलो तर सांग." आणि सगळा पाढा न अडखळता म्हणाले. मग एकोणिसाचा. "हे सगळं आहे. मग तेवढंच कसं गेलं?"

सून संध्याकाळी मला मागच्या खोलीत गाठून म्हणाली, "आई, आज सांगूया. मला बघवत नाही. मी सांगते, माझीच कल्पना होती."

"थांब जरा. सावरू दे."

"ते सावरत नाहीयेत, आई."

"मी या माणसाला पन्नास वर्षं ओळखते," मी म्हणाले. सासूपणाचं इतकं वाईट वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेली नाही.

चार वाजता हे आता पुस्तक काढेनासे झाले. "तुम्हीच घ्या एखादं," असं स्वल्पविरामांना म्हणायचे. मी त्यांना फाटकाशी गाठून विनवलं होतं, भाऊ, काही बोलू नका. ते बोलले नाहीत, पण वाचताना स्वल्पविरामाशी थांबणंही त्यांनी सोडून दिलं.

असे तीन आठवडे गेले. एका सकाळी मी भाजी निवडत होते. हे चौथ्या फळीशी होते, दारापासून मोजत निघालेले, मोठ्यानं. एकेचाळीस, बेचाळीस. यापूर्वी ते कधी खिडकीपर्यंत गेले नव्हते. त्या दिवशी गेले. त्र्याहत्तराला बोटं काचेवर लागली.

"हे काय?"

मी उठले. "चित्र आहे."

"कुणाचं?"

"माझं. दोन हंस. लग्नाआधी केलेलं."

यांनी चौकटीच्या चारही कडांवरून बोट फिरवलं, बाइंडर फिरवतो तसं, कोपरे काटकोनात आहेत का ते बघत. मग तसेच उलटे दाराकडे येत पुस्तकांवरून हात फिरवत आले. माझ्या हातातली भाजी मी खाली ठेवली नव्हती.

"कशी लावलीत?"

"रंगाप्रमाणे."

"सगळी?"

"सगळी."

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे," हे म्हणाले. मला वाटलं, सुटलो. हे खुर्ची चाचपून बसले. "तीन आठवडे मी पाढे म्हणतोय. तू ऐकत होतीस."

हातातली भाजी मी तेव्हा खाली ठेवली.

चूक निस्तरायला आम्ही सगळे धावलो. सुनेनं रजा काढली. स्वल्पविराम सकाळीच आले. ते पहिली ओळ वाचायचे, हे जागा सांगायचे आणि सून ते पुस्तक तिथं उभं करायची. मी सगळ्यात आधी ती वाकड्या टाक्यांची दोन शोधून आणली, चौथ्या फळीवर ठेवली. पहिली वीसेक पुस्तकं भराभर लागली. मग हे थांबायला लागले.

"तिसरी फळी, सातवं. नाही. सातवं ते आरोग्याचं."

"ते आत्ता लागलेलं आहे, बाबा. आधीचं सांगा."

"आधीचंच सांगतोय." यांनी कपाळ दाबलं. "तीन आठवडे रोज मोजली गं पोरी. माझंच चुकतंय म्हणून तुमची मांडणी पाठ करत गेलो. आता दोन्ही एकात एक गेल्यात."

सूनबाईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण आवाज तिनं नीट ठेवला. "हरकत नाही. जेवढी आठवतील तेवढी."

सव्विसाव्या पुस्तकाला हे म्हणाले, "पुरे."

"उद्या पुन्हा बसू," स्वल्पविराम म्हणाले.

"नको. छान दिसते ना भिंत? दिसणाऱ्यांनी बघावी."

मी खुर्ची ओढून हंस काढायला चढले. खुर्चीचा आवाज ऐकून यांनी हात वर केला. "ते राहू दे. पन्नास वर्षांनी लागलंय." रागावून म्हणाले असते तर मी काढलं असतं. यांचा आवाज अगदी साधा होता. मी खाली उतरले.

तेव्हापासून यांची खुर्ची भिंतीकडे पाठ करून असते. ती यांनी स्वतः फिरवून घेतली. घरी येणारे भिंतीची तारीफ करतात, सून विषय बदलते. दाराकडच्या बाजूला सव्वीस पुस्तकं निळ्यात लाल, पिवळ्यात हिरवं, अशी उभी आहेत. ती कुणीच हलवत नाही. मी त्यांच्यावरची धूळसुद्धा फुंकरीनं उडवते.

स्वल्पविराम अजून येतात. परवा निघताना फाटकाशी थांबले. "वहिनी, माझ्याकडून एक चूक झाली. परवाचीच गोष्ट आज पुन्हा वाचली. अर्ध्यात लक्षात आलं. ते काही बोलले नाहीत, म्हणून शेवटपर्यंत वाचली." त्यांचा चेहरा उतरला होता. "त्यांना कळलंच नाही की काय?"

मी आत आले. चहाचा कप यांच्या हातात दिला, बोटं कपाच्या कानाभोवती नीट बसवून.

"आज त्यांनी परवाचंच वाचलं," मी म्हणाले.

"कळलं होतं गं," हे म्हणाले. "पण उठून दुसरं आणायचं तर कुठून?"