इकडचे बांबू तिकडे

मैत्रीच्या पत्राला मी सात महिने उत्तर दिलं नव्हतं. मैत्री ही माझी जुनी विद्यार्थिनी, हैदराबादला रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर संशोधन करते. फोनवर मी नुसता हं हं करतो हे तिला ठाऊक, म्हणून तिने पत्रच लिहिलं होतं. "सर, आई म्हणते, पाच वर्षं झाली, आता सोड आणि गावाकडे शाळेत लाग. मी काय करते ते तिला कळलं तर ती आग्रह सोडेल. मला सांगता येत नाही. तुम्ही सांगाल? दिवाळीपर्यंत मला ठरवायचं आहे."

सोबत तिचा छापील लेख होता. शब्दकोश घेऊन तो तीनदा वाचला. पेशीच्या आत बारीक धाग्यांचा सांगाडा असतो, पेशी जागी झाली की तो मोडतो आणि पुन्हा उभा राहतो, एवढं कळलं. पण मोडलेलं लगेच उभं कसं राहतं? तीस वर्षं मी फळ्यावर पेशी म्हणून एक गोल काढून मध्ये ठिपका दिला. मी काय समजावणार? मैत्रीची आई, बयनाबाई, समोरून दिसली की मी गल्ली बदलायचो.

भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपल्याचं जेवण गुडीहत्नूरच्या बुद्धविहारात होतं. मी मांडवाच्या कडेला पुस्तक उघडून बसलो होतो. सडकेकडच्या टोकाला उभ्या माणसाला नेरडीगोंड्याहून येणारे दोन टेम्पो दिसले. त्याने शेजारच्याला सांगितलं, त्याने पुढच्याला, आणि निरोप आत मांडववाल्या चंपतपर्यंत पोचला. चंपतने लगेच मागच्या दोऱ्या सोडायला लावल्या.

"उभा मांडव काऊन मोडून राह्यला?" मी विचारलं.

"मोडून नाही राह्यलो, सर. नवे बांबू कुठून आणू? मागचे काढाचे, पुढं गाडाचे. पाव्हणे जिकडून, मांडव तिकडं."

मी पुस्तक मिटलं. वरणाची बादली घेऊन बयनाबाई समोरच उभी होती.

"आज सापडले, सर. पोरीचं पत्र आलं होतं ना तुमाले?"

"बाई, मैत्री हेच पाहते," मी कसंबसं म्हणालो. "पांढरी पेशी म्हणजे असा मांडव. कडेला रोगाचा स्पर्श झाला की निरोप आत जातो. एकीकडचे धागे सुटतात, दुसरीकडे उभे राहतात, आणि पेशी तिकडे पसरून रोगाला भिडते. तो निरोप कोण कोणाला देतो, ते ती शोधते आहे."

बाईने टेम्पोतून उतरणाऱ्यांकडे पाहिलं. "पाव्हणे म्हंजे रोग व्हय? माह्या नणदेकडचे हायेत, असतीन बी." मग म्हणाली, "अन् निरोप मंधातच अडकला तं?"

"तर मांडव हलत नाही. माणूस आजारी पडतो."

बांबू गाडणाऱ्यांकडे बघत तिने बादली खाली ठेवली.

"मंग तिले लिहा, अर्धा मांडव टाकून येऊ नको. दिवाळीले भेटाले ये. शाळेचं मी नाही काढत." पळी बादलीत बुडवत तिने विचारलं, "एवढं सांगाले सात महिने लागले तुमाले?"

"हो," मी म्हणालो.

याआधी उत्तराचे नऊ मसुदे फाडले होते. दहाव्यात आईचा निरोप आधी लिहिला, मग मांडवाचं चित्र काढलं. खाली लिहिलं, उपमा कुठे चुकली असेल तर कळव, मला शिकायचं आहे. पोस्टात पाकीट दोनदा तोलून घेतलं आणि पेटीत टाकलं.