बाबांचं काळं बोट

सकाळी साडेसातला बाबा चहात टोस्ट बुडवत होते आणि प्रणालीला त्यांचं बोट दिसलं. नखापासून पेरापर्यंत काळंभोर. मतदान सुरू होऊन अर्धाच तास झालेला, आणि बाबांची तर अजून आंघोळही व्हायची होती.

मग ही शाई आली कुठून, हे ओळखायला अकरावी पास असावं लागत नाही. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. टोपलीवाले, म्हणजे ज्यांची सत्ता बाबांना मिसरूड फुटायच्या आधीपासून वर-खाली सगळीकडे होती, ते शाईची बाटली घेऊन फिरत होते. ज्याचं मत विरोधकांच्या शिडी या निशाणीला जाईल असा वहीम, त्याला काहीतरी कबूल करायचं आणि घरच्या घरी बोट रंगवायचं. मग तो केंद्रावर गेला तरी तिथले लोकच त्याला माघारी पाठवतात.

आणि यांच्या घरावर वहीम आणला कोणी? प्रणालीनेच. महिन्यापूर्वी अमरावतीला राजापेठेतल्या एका क्लासच्या वक्तृत्व स्पर्धेत तिने पहिला नंबर काढला होता. 'एकच भाडेकरू चाळीस वर्षं राहिला की तो घर आपल्याच बापाचं समजतो,' या वाक्याला हॉल नुसता दणाणला. तो व्हिडिओ दोन दिवसांत गावभर झाला. तेव्हापासून टोपलीवाल्यांचा देवानंद येता-जाता हसायचा. काल तर तो अर्धा तास ओसरीवर बसला होता, आणि गेल्यावर आईने बाबांना हळूच विचारलं होतं, "देवळापुढच्या ओट्याचं पक्कं समजाचं काय?" त्या ओट्यावर फुलं विकायला बसायचं म्हणून बाबा सहा वर्षं अर्ज करत होते.

"बाबा, हे बोट?"

"काय झालं बोटाले?"

"काळं हाय."

"शेवंती तोडून राहिलो होतो."

"शेवंतीनं बोट काळं होते काय?"

"कधी कधी होते," म्हणत बाबांनी दुसरा टोस्ट घेतला.

आई कोपऱ्यात दिव्यावर बिब्बा तापवून त्याचं काळं, चटका देणारं तेल टाचेला लावत बसली होती. तिने मान वर केली नाही. म्हणजे तीही सामील.

एवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. देवानंदने गाडी बंदही केली नाही. "देवीदासभाऊ, बोट दाखवा बरं."

बाबांनी बसल्या बसल्या बोट वर केलं.

"कोनं लावली?"

"तुमचेच पोट्टे तं आले होते पाह्यटी."

"बरं झालं. आता काहून धूप खाता, घरीच राहा. ओट्याचं पायतो मी." मग प्रणालीकडे बघून, "काय मॅडम, आज भाषण नाई?"

गाडी गेली. "ओट्यासाठी मत इकलं तुमी," प्रणाली म्हणाली. स्पर्धेत खणखणीत निघालेला आवाज आत्ता फाटला.

बाबांनी हारांची पाटी उचलली. "चाल. शाळेत हार पोचवाचे हायेत."

केंद्र तिच्याच शाळेत होतं, आणि यंदा ते फुलांनी सजवायचं होतं. ऑर्डर बाबांची. शाळेत स्टुलावर चढून दाराला हार बांधताना तिने पाहिलं, तर बाबा रांगेत. आता चार लोकांत यांना हाकलणार. की रांगेत उभं राहणं हे नुसतं लेकीला दाखवायला?

टेबलामागची बाई म्हणाली, "काका, डावा हात."

बाबांनी डावा हात पुढे केला. बोट स्वच्छ, धुतलेल्या मुळ्यासारखं. प्रणाली स्टुलावरून पडता पडता राहिली. सकाळी कप डाव्या हातात होता. टोस्ट उजव्या.

बाबा बाहेर आले तेव्हा दोन्ही हातांची बोटं काळी होती. उजव्याला फोड यायला लागला होता.

"बिब्बा?" तिने विचारलं. आईच्या टाचांना भेगा नाहीतच, हे तिला आत्ता आठवत होतं.

"त्यायनं बोट पायलं, हात नाई पायला," बाबा म्हणाले. "घरी सांगतलं असतं तं तू तोंड मिटून राह्यली असती काय?"

तिने आवाज खाली आणला. "पण शिडीलेच देलं ना?"

"मत गुप्त असते. भाषणात कोन बोललं होतं?"

बाबा हसले. हसले की टाळलं? ओटा तर अजून हवाच होता त्यांना. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तेवढ्यात वळणावर मोटरसायकल दिसली.

प्रणालीने झटकन बाबांचा डावा हात पकडला, पहिलीत पकडायची तसा, सगळी बोटं मुठीत घेऊन.

"तुमाले घरी राहा म्हटलं होतं ना," देवानंद म्हणाला.

"हार द्याले आलो."

देवानंदची नजर हातांवर गेली आणि तिथेच थांबली. "एवढी मोठी पोरगी बापाचं बोट धरून चालते काय?"

"पाय मुरगळला काका, स्टुलावरून," प्रणाली म्हणाली आणि लंगडत चालू लागली.

गाडी मागे सुरूच होती, पण निघत नव्हती. मुठीत शाई ओली लागत होती. बाबांनी मत कोणाला दिलं, हे तिला अजूनही माहीत नव्हतं. ती घर येईपर्यंत लंगडली.