चार तुकड्यांची छडी

"काका, तो बांबू खाली ठेवा. नाई तं तुमीपण खालीच राहा," कंडक्टर दारातून ओरडला.

एटापल्लीच्या बसस्टँडवर माझे सासरे इस्तारी दोन माणसांएवढा उंच बांबू हातात घेऊन उभे होते. बांबू म्हणजे मासे धरायचा गळ. आमच्याकडे मुक्कामाला होते तेवढ्यात त्यांनी तो तासला, विस्तवावर शेकून सरळ केला आणि आता नागभीडजवळच्या आपल्या गावी सोबत न्यायचं म्हणत होते. मी घरीच सांगितलं होतं, मामाजी, बसमध्ये घेणार नाहीत. पण जावयाचं ऐकतो कोण?

"टपावर टाकतो न भाऊ," ते म्हणाले.

"टपाचं बंद झालं आता. अन् जंगलातून जाते गाडी. फांदीत अडकून कोणाचा डोळा फुटला तं मी का सांगू?"

गाडीतली माणसं हसली. मामाजी हसले नाहीत. त्यांनी बांबू चहाच्या टपरीला टेकवून ठेवला, त्यावरून एकदा हात फिरवला आणि गाडीत चढले. खिडकीतून ते माझ्याकडे नाही, बांबूकडे बघत होते. पुढच्या आठवड्यात टपरीवाल्यानं त्याचे तुकडे करून ताडपत्रीला टेकू लावले.

हे सगळं मी घरी सांगितलं तेव्हा गिरजा कुकर लावत होती. माझी बायको इथल्या दवाखान्यात नर्स आहे, दुसऱ्यांच्या रडण्याला ती सहसा भीक घालत नाही. पण बाप म्हटला की विषय संपला. "एक बांबू नेऊ देला नाई मेल्यानं?" ती म्हणाली आणि दोन दिवस त्या कंडक्टरचा उद्धार चालू होता.

तिचं दुःख बांबूचं नव्हतं, ते मलाही कळत होतं. सासूबाई, सोमारीबाई गेल्यापासून मामाजी गावात एकटे होते. त्यांना दम लागायचा. डॉक्टरांनी छातीभर पाण्यात उतरायला साफ मनाई केली होती. आणि हा माणूस आयुष्यभर पाण्यातच उभा राहिलेला! आम्ही ढिवर, मासे धरणारी जात. माझ्या घरात वडील मास्तर झाले, मी लाइनमन झालो, जाळं आमच्याकडून केव्हाच सुटलं. मामाजींचं सुटलं नव्हतं. घरामागच्या नाल्यात ते अजून फेकजाळं घेऊन उतरायचे. गिरजाचं म्हणणं एवढंच होतं की काठावर बसून मासा धरता आला तर बाप पाण्यात उतरणार नाही. "गळ असला तं बसते बाबा एका जागी. मी पाह्यलं न इथी," ती म्हणायची.

आता गळाचंही एक आहे. आमच्या सासुरवाडीच्या तलावावर ढिवर माणूस गळ टाकत नाही. नाल्यावर, परगावी, चालतं. तलाव मात्र मच्छीमार सोसायटीचा. वैशाखात पाणी उतरलं की सगळे मिळून ओढजाळं टाकतात, आणि जो जाळ्याच्या दोराला हात लावेल त्याला वाटा. म्हातारा झाला, पाण्यात जाता येत नाही, तरी काठावर दोराचं टोक धरून उभा राहिला की त्याचा वाटा पुरा. मामाजी गेली काही वर्षं असंच टोक धरून उभे राहायचे. पण तलावात ज्यानं गळ टाकला त्यानं आपला वेगळा मासा धरला, त्यानं दोर सोडला, वाटाही सोडला, असं धरलं जातं. लिहिलेलं कुठंच नाही. गावात मात्र सगळ्यांना पाठ.

तर आम्ही गळाची छडी शोधायला बसलो. बसमध्ये नेता येईल अशी, तुकड्यांची. मोबाइल माझ्या हातात, हुकूम गिरजाचा. कुलरसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते, त्यात बसली पाहिजे ही अट. म्हणजे तो उन्हाळा मी पंख्याखाली घामानं भिजणार हे ठरलंच होतं. कोणी विचारलं नाही.

एकात एक सरकणारी छडी सगळ्यांत स्वस्त होती. पण घेतलेल्यांनी खाली लिहिलं होतं की शेंडा आत अडकतो तो निघत नाही. दोन तुकड्यांची मजबूत होती, पण तिचा एकेक तुकडाच काठीएवढा. सात तुकड्यांची तर शबनममध्ये मावली असती. किंमत पाहून गिरजानं मोबाइल उलटा ठेवला.

"बाबाले थैलीची लांबी पुसा," ती म्हणाली.

मी फोन लावला. "मामाजी, तुमची थैली किती लांब हाय?"

"काऊन? थैलीले का झालं?"

"सांगा न."

बराच वेळ खुडबूड ऐकू आली. "दीड हात. अन् वर चार बोटं."

चार तुकड्यांची छडी त्यात बरोबर बसत होती. काळ्या महागड्या कार्बनची नाही, साध्या फायबरची. घेऊन टाकली. पार्सल उघडलं तेव्हा कळलं की ही जातच वेगळी. हिच्या हुकाला गांडूळ लावायचं नाही, पिसांची खोटी माशी बांधायची. गळाला वजन नाही, दोरीच जाडजूड, ती हवेत मागे-पुढे खेळवून फेकायची. स्वस्त का मिळाली तेही तेव्हाच कळलं. परत करू म्हटलं तर गिरजा म्हणाली, "राहू द्या. बाबा शिकते." सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची तिनं खोळ शिवली. डबा वेगळा विकत घ्यावा लागत होता, म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टिकचा पाईप कापून आणला, दोन्हीकडे झाकणं बसवली.

होळीनंतर मामाजी आले. छडी जोडून हातात दिली तेव्हा ते ती नुसती उलटीसुलटी करून बघत राहिले. आम्हाला वाटलं आवडली नाही.

"एवढा पैसा काऊन घातला व पोरी?" शेवटी म्हणाले.

"तुमच्यासाठी नाई घातला. त्या कंडक्टरसाठी घातला," गिरजा म्हणाली.

मग हसले. सासूबाई गेल्यावर असे हसलेले मी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून एटापल्लीबाहेरच्या डोहावर त्यांचा मुक्काम. पहिले काही दिवस माशी त्यांच्याच टोपीत अडकत होती. बाजाराला जाणाऱ्या बाया थांबून पाहायच्या आणि खिदळायच्या. मामाजी त्यांनाही हसू द्यायचे. मग हळूहळू हात बसला. दोरी हवेत लांब उलगडायची आणि माशी पाण्यावर अलगद उतरायची. मासे फार मिळाले असं नाही. पण संध्याकाळी घरी येऊन ते छडीचे चारही तुकडे पुसून खोळीत घालायचे, आणि जेवताना बोलायचे. आधी नुसतंच जेवायचे.

वैशाखात ओढजाळ्याचा निरोप आला. गिरजाला सुट्टी नव्हती, म्हणून सोबत मी निघालो. कंडक्टर तोच. पाईपकडे बघून म्हणाला, "काय काका, नळाचं काम घेतलं का?"

"हो न भाऊ. तुह्या गाडीत बसते एवढंच घेतलं," मामाजी म्हणाले, आणि गडचिरोली येईपर्यंत स्वतःशीच हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाईपसकट तलावावर गेलो. जाळं अजून उलगडत होते. पोचूकाका, म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष आणि मामाजींचे लहानपणापासूनचे सोबती, काठावर बसून बिडी ओढत होते. पाईप पाहून पोट्ट्यांनी गराडा घातला. मामाजींनी छडी काढली. एकेक तुकडा जोडत गेले. पोट्टे "बाप्पा, बाप्पा!" करत होते. इथपर्यंत सगळं ठीक होतं. दाखवायला काय हरकत?

"काका, फेकून दाखवा न एकडाव," सोनू म्हणाला. तो पोचूकाकांचा पुतण्या, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

मामाजींनी एकदा तलावाकडे पाहिलं. माणसाला कौतुक किती कमी वेळा मिळतं! त्या बिचाऱ्याला कोणी कधी म्हटलंच नव्हतं, फेकून दाखवा म्हणून. त्यांनी हात मागे नेला. दोरी सूर्याखाली लांब उलगडली आणि माशी कमळाच्या पानाशेजारी टेकली. पोट्टे ओरडले. तेवढ्यात पाणी फुटलं आणि छडी वाकली.

मरळ होती. हातभर लांब. मामाजींनी सवयीनं ओढून काठावर घेतली, वर पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. पोट्टे अजून टाळ्या वाजवत होते. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघत होती.

पोचूकाकांनी बिडी विझवली. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. "चला रे, जाळं टाका," एवढंच म्हणाले. मामाजी नेहमीच्या जागी दोराकडे गेले, तर तिथं एका पोरानं टोक आधीच धरलं होतं. "काका, तुमी बसा न आरामात," तो म्हणाला. प्रेमानंच म्हणाला, तेच वाईट. मामाजी मोहाच्या झाडाखाली बसले. मरळ बाजूला तडफडत होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

दुपारी पळसाच्या पानांवर वाटे पडले. रोहू, कतला, छोटे मासे, सगळं सारखं. एकेका घराचं नाव पुकारलं. मामाजींचं पुकारलं नाही. माझं डोकं तडकलं. मी पुढे झालो, "पोचूकाका, एक मासा निघाला चुकून, त्यात का जग बुडालं? हे कोणत्या कागदात लिहिलं हाय?"

"जवाईबापू," मागून मामाजी म्हणाले, "बसा तुमी."

"पण मामाजी..."

"पत्रूले मीच म्हटलं होतं. त्यानं गळ टाकला होता तवा. तुहा मासा तुह्यापाशी हाय, असं म्हटलं होतं मी. सगळ्यायसमोर. आता आपलं आलं तं तोंड उघडू का?"

पत्रू त्यानंतर गाव सोडून बल्लारपूरला गेला होता म्हणे, कामाला. मी खाली बसलो.

संध्याकाळी पोचूकाका घरी आले. कापडात आपल्या वाट्यातला एक रोहू बांधून आणला होता. "मी पाह्यलं न पाह्यल्यासारखं केलं असतं इस्तारी. पण पोट्टे पाहून राह्यले होते," ते म्हणाले.

"बरोबर केलं तू. मी असतो तं मीपण तेच केलं असतं," मामाजी म्हणाले. दोघं बाजेवर बसून चहा प्यायले. उठताना पोचूकाकांनी रोहू तिथंच ठेवला. मामाजींनी तो पुन्हा त्यांच्या हातात दिला. "नेऊन टाक. माह्या घरी खाणारं कोण हाय?"

मी रात्री गिरजाला फोनवर सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मीच देली न ते छडी." मी म्हटलं, छडीनं काही केलं नाही गं. पण असल्या बोलण्यानं कोणाचं समाधान होतं?

पावसाळा लागायच्या आत मामाजी कायमचे आमच्याकडे आले. घराला कुलूप लावलं, किल्ली पोचूकाकांकडे दिली. फेकजाळं सोनूला दिलं. छडी आणली. आल्या दिवशी त्यांनी ती पाईपमधून काढली आणि चारही तुकडे जोडले. आम्हाला वाटलं डोहावर निघाले. ते गेले नाहीत. उद्या जातील, परवा जातील, असं आम्ही म्हणत राहिलो. आमच्या क्वार्टरमध्ये ती उभी राहीना, म्हणून त्यांनी ती एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, खिळ्यांवर आडवी टेकवली.

एकदा स्टुलावर चढून कोळिष्टकं झाडताना गिरजाच्या डोक्याला लागली. मी म्हटलं, "मामाजी, खोलून ठेवू का? खोळीत घालू, पाईपमध्ये टाकू. बरी राहील."

"खोलून का करता जवाईबापू?" ते म्हणाले. "आता कुठी न्याची हाय?"

मागच्या महिन्यात न्हाणीचा पाईप फुटला तेव्हा छडीचा पाईप मी तिथं कापून लावला. त्यांनीच आणून दिला. छडी आहे तशीच आहे. सकाळी अंघोळ झाली की मामाजी टाचा उंच करून तिच्यावर आपला ओला दुपट्टा वाळत घालतात.