हो, जेट मीच मोठा केला

काकांनी भावाच्या गाडीसाठी काचेची पेटी आधीच करवून घेतली होती. जुन्या मोटरसायकलींच्या क्लबात, दारातून आत शिरलं की समोरच. टिकलीचे वडील जाऊन तेव्हा धड महिनाही झाला नव्हता.

"दादाची आठवण म्हणून राहील," काका म्हणाले. "टिकले, तू फक्त हो म्हण."

टिकली हे तिचं घरातलं नाव. बाहेर ती दातांची डॉक्टर होती. चाळिशी उलटलेली, स्वतःचा दवाखाना, माणसं भीतभीत का होईना तिचं ऐकायची. काकांपुढे मात्र ती टिकलीच. उंचीने बेताची, आवाजाने नाही.

"काका, बाबा त्या गाडीवरून मला शाळेत सोडायचे. चिखलातून, खड्ड्यांतून. काचेत बसवलीत तर ती बाबांची आठवण कशी?"

काका क्लबचे अध्यक्ष. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशीच राहिली पाहिजे, यावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा. कोणी साधा नटबोल्ट बदलला तरी ते त्या माणसाशी आठवडाभर बोलत नसत. पुतणीचं उत्तर त्यांना चांगलंच झोंबलं. पण गाडी तिच्या नावावर होती. तिने ती दवाखान्यात नेली आणि रोज वापरायला काढली.

गाडी काही सुखाने चालेना. सपाट रस्त्यावर ठीक, पण पुलाचा चढ लागला की इंजिन तापायचं, कार्ब्युरेटरमधून उलट्या फटफट शिंका यायच्या आणि ऐन मध्यावर सगळं थंड. मागच्या रिक्षावाल्यांच्या शिव्या तिला पाठ झाल्या. एकदा तिने प्लग काढून पाहिला तर तो पांढराफटक! इंजिनला पुरेसं पेट्रोल मिळत नाही, उपाशी पोटी पळतंय, असा त्याचा अर्थ. कारण उघड होतं. आताच्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळलेलं असतं, त्यामुळे तेवढ्याच ताकदीला ते जास्त लागतं. आणि पेट्रोल सोडणारा तो पितळेचा इवलासा जेट मात्र जुन्या पेट्रोलच्या मापाचा. त्याचं भोक जरासं मोठं करायला हवं होतं.

ती आधी काकांकडेच गेली.

"जेटला हात लावायचा नाही," काका म्हणाले. "मूळचा आहे तो."

"पण गाडी तापते. एक दिवस इंजिन जाम होईल."

"मग चालवू नकोस. म्हणजे तापणार नाही."

हे म्हणजे आजारी माणसाला श्वास घेऊ नकोस म्हणण्यासारखंच झालं. ती उठली आणि चहा न घेताच निघून आली.

रविवारी दवाखाना बंद असायचा. त्या रविवारी काकू मात्र दातातलं निखळलेलं सिमेंट भरून घ्यायला आल्या होत्या. दात झाला, चूळ भरून झाली, तरी काकू खुर्चीतून उठेनात. टिकलीने ट्रेमध्ये जेट ठेवला होता आणि दाताच्या मुळाची नळी साफ करायची बारीक सुई ती त्याच्या भोकात हलक्या हाताने फिरवत होती. पितळेचा सोनेरी भुगा कागदावर पडत होता.

"अगं, हीच सुई मघाशी माझ्या तोंडात नव्हती ना?"

"नाही हो काकू. ही वेगळी."

"ह्यांना कळलं तर?"

"कळू दे की. चोरी थोडीच करतेय?"

काकूंनी भुग्याकडे बघत मान डोलावली. घरातल्या चारही मोटरसायकली त्याच पुसायच्या. लग्न झाल्यापासून. "पण खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "चालत्या गाडीवर मी एकदाही बसलेली नाही. म्हणे, वजनाने स्प्रिंग दबते."

टिकलीचे हात थांबले. सुई पुन्हा फिरवताना जरा जास्तच जोर लागला.

आणि तो जोर नडला. भोक हवं त्याहून मोठं झालं. दुसऱ्या दिवशी भर बाजारात गाडीने काळ्या धुराचा असा लोट सोडला, की भाजीवाल्याने टोमॅटोवर गोणपाट टाकलं. क्लबातले दोघे तिथे चहा पीत उभे होते. "डॉक्टरीणबाई, दात उपटता उपटता इंजिन उपटलंत वाटतं!" ते हसले. तिने गाडी ढकलत दवाखान्यापर्यंत नेली. घामाने निथळत होती, कान तापले होते, पण मान खाली घातली नाही.

संध्याकाळी काकांचा फोन. "जेट तू कोरलास?"

"हो, मीच मोठा केला. जरा जास्त झाला. आता दुरुस्त करते."

"माझ्या भावाच्या गाडीचं वाटोळं केलंस!"

"तुमच्या भावाची गाडी पुलावर बंद पडत होती काका. ते तिला खाली उतरून ढकलायचे. शेवटी शेवटी त्यांना तेही झेपत नव्हतं. तेव्हा क्लब कुठे होता?"

पलीकडून फोन आपटला.

तिने भोक डाख देऊन पार बुजवलं आणि पुन्हा कोरायला घेतलं. थोडं कोरायचं, गाडी पुलावर न्यायची, प्लग काढून बघायचा. काळा, म्हणजे पेट्रोल जास्त. पुन्हा डाख. पुन्हा पांढरा. रोगी वाट बघत बसायचे आणि डॉक्टरांच्या नखांत काजळी. शेवटी एकदा प्लग निघाला तो चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तपकिरी. पूल तर गाडीने गाणं म्हणत पार केला. टिकली पुलाच्या टोकाला थांबली आणि हेल्मेटच्या आत मोठ्याने हसली.

क्लबची घाटातली वार्षिक फेरी त्याच आठवड्यात होती. ती पोचली तेव्हा गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि काका शिट्टी घेऊन पुढे.

"तुझं नाव यादीतून काढलंय," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "बदल केलेली गाडी या फेरीत चालत नाही."

"फेरीत नका घेऊ. घाट काही क्लबच्या मालकीचा नाही."

कोणीतरी खोकलं. कोणीतरी बुटांकडे बघू लागलं. तेवढ्यात सामानाच्या जीपपाशी, खाण्याच्या डब्यांजवळ बसलेल्या काकू उठल्या, पदर खोचला आणि टिकलीच्या खांद्याला धरून मागच्या सीटवर चढल्या. स्प्रिंग करकरली. दबलीही.

"हे काय चाललंय? खाली उतर!" काका ओरडले.

"उतरते ना," काकू म्हणाल्या. "वर पोचले की."

टिकलीने किक मारली.

घाटात त्या दोघींनी कोणाला मागे टाकलं नाही, की कोणाची बरोबरी केली नाही. क्लबच्या गाड्या पुढे निघून गेल्या. पण वळणामागून वळण येत राहिलं आणि इंजिन एकदाही शिंकलं नाही. काकू आधी डोळे मिटून होत्या. मग कधीतरी टिकलीच्या कमरेवरची त्यांची पकड सैल झाली आणि त्या दरीतल्या झाडांची नावं मोठमोठ्याने सांगू लागल्या. निम्मी चुकीची.

वर काका जीपला टेकून उभे होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "क्लबात आता पाऊल ठेवायचं नाही," ते टिकलीला म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. मनाला लागलं, पण ते तिने त्यांना दिसू दिलं नाही.

"चल, जीपमध्ये बस," काका बायकोला म्हणाले.

काकूंचे केस पार विस्कटलेले, डोळ्यांतून वाऱ्याने पाणी. त्यांनी जीपकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या. "टिकले, ही गाडी शिकायला कितीसा वेळ लागतो गं?"