सतराव्या पेटीतली वाळू

भांडारकाकांनी नवा चष्मा घातला, तेव्हा त्यांच्याच टेबलावर दगड तपासायचं काम करणाऱ्या तिने नजर वळवली.

जमिनीत खोल पाडलेल्या भोकातून काढलेले दगडाचे दांडे क्रमाने पेट्यांत लावून भांडारात ठेवायचं काम काकांचं. तीस वर्षांत तुकडा इकडचा तिकडे झाला नव्हता. आणि आता सतराव्या पेटीत थर चक्क उलटे निघाले होते.

"म्हातारा झालो गं पोरी," काका काच पुसत म्हणाले. "वरचं खाली केलं मी. साहेबांना सांगून टाकलंय, महिनाअखेर दुसरा माणूस बघा."

ती दगडावर भिंग धरून बसली होती. दिसत काही नव्हतं.

पेटी तिच्या हातून पडली होती. गेल्या सोमवारी काका जेवायला गेलेले, आणि पाळणाघरातून फोन आला, लेकीला ताप भरलाय. ती गडबडीने उठली, कोपर लागलं, सगळे तुकडे फरशीवर! तिने भराभर तुकड्याला तुकडा जुळवला, अगदी चपखल बसले, आणि ती धावत सुटली. दुसऱ्या दिवशी कळलं, अख्खी माळच उलटी ठेवली होती. काकांनी तोवर पेटीवर विश्वास ठेवून तुकड्यांवर वरची बाजू दाखवणारे बाणही काढले होते.

दगड मात्र गप्प बसणारा नव्हता. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या उतारावर साठलेल्या वाळूचा एके दिवशी तोल गेला. ती चिखलासकट घळीतून खाली धावली आणि तळाशी पंख्यासारखी पसरली. जाड कण आधी बसले, बारीक मागाहून. मग पुन्हा सगळं शांत. वर्षानुवर्षं नुसता गाळ, चिमूटचिमूट, त्याचाच काळा पापुद्र्यांचा दगड झाला. पुढे वाळूची दुसरी लाट, पुन्हा गाळ. म्हणजे प्रत्येक थरात जाड वाळू खाली हवी. सतराव्या पेटीत ती वर होती. वरच्याखालच्या पेट्या मात्र सरळ.

साहेबांनी विचारलं, तेव्हा काकांनी मान खाली घातली होती. ती शेजारीच उभी होती. तोंड उघडलं नाही.

"काका, साहेबांकडे चला," ती एकदम उठली. "पेटी मी पाडली."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "मूल आजारी असलं की धावायचंच असतं, बाई. पण परत आल्यावर आठ दिवस तुमची जीभ कुठे होती?"



काका तिच्या पुढे चालत भांडारात परत आले. पेटी टेबलावर ओढून एकेक तुकडा ते फिरवू लागले. जाड वाळूवर अंगठा घासून बघत होते, खात्रीसाठी.

"आठ दिवस बायको मला हाताला धरून रस्ता ओलांडायला लावतेय," ते म्हणाले. "आणि मी लावू देतोय."

"काका, माझं चुकलं."

"ते दिसतंय. या चष्म्याशिवायही."

तिला हसू आलं नाही. त्यांनाही नाही.

मान वर न करता त्यांनी विचारलं, "ताप उतरला का पोरीचा?"

"उतरला."

"हं." त्यांनी रंगाची डबी तिच्यापुढे सरकवली. "जुने बाण पूस. नवे तूच काढ. आणि पेट्यांच्या वहीत कारण लिही, खाली सही कर. मी बघतोय."

चष्मा त्यांनी खिशात टाकला आणि ते तिच्या डोक्याशी उभे राहिले. पहिला बाण वाकडा आला. काकांनी तो पुसायला लावला.